छपराच्या वर दोन हात

स्मशानासारखं दिसतं म्हणे! घरावर पत्र्याचा पाइप उभा राहिला तर आमचं घर स्मशानासारखं दिसेल, असं माझ्या दिरांनी सांगितलं आणि माझ्या नवऱ्यानं ते ऐकलं. त्या एका वाक्यापायी माझ्या सासूबाई चार दिवस नाकाला नळी लावून दवाखान्यात पडून होत्या. या गोष्टीला आता दोन वर्षं होतील. तरी आठवलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. झालं गेलं विसरावं, मोठ्या मनानं घ्यावं, हे बायकांना फार शिकवलेलं असतं. मला ते जमत नाही आणि जमवायचंही नाही.

आमचं घर वसईकडच्या निर्मळला. कौलारू, पुढं ओटी, मागं पश्चिमेच्या अंगाला स्वयंपाकघर, आणि भोवती वाडी. केळी, माड, थोडा मोगरा, थोडी भाजी. वाडी नवरा बघतो. मी शाळेत आठवी-नववीला विज्ञान शिकवते. चूल सासूबाईंची. घरात गॅस आहे, लग्न होऊन आले तेव्हाही होता. पण वाडीत झावळ्या, करवंट्या, नारळाची सोडणं यांचा एवढा ढीग पडतो की तो जाळायचा नाही तर करायचं काय? त्यामुळं आंघोळीचं पाणी चुलीवर, वाडीवरच्या माणसांचा भात चुलीवर, आणि भाकरी तर चुलीवरचीच. तांदळाची भाकरी गॅसवर चामड्यासारखी होते, असं घरातल्या पुरुषांचं म्हणणं. स्वतः कधी एक थापलेली नाही, पण म्हणणं आहे.

सासूबाईंना दम लागायचा. विहिरीपासून मागच्या दारापर्यंत आल्या की उंबऱ्यावर टेकायच्या. वय झालं, असं सगळे म्हणायचे, त्याही म्हणायच्या. मग एका थंडीत खोकला हटेना म्हणून मी त्यांना विरारला छातीच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी फोटो बघितला, एका नळीत फुंकायला लावलं आणि विचारलं, "आजी, सिगारेट किती वर्षं ओढली?"

सासूबाईंना एवढं हसू आलं की हसता हसता ठसका लागला. बहात्तर वर्षांची, डोक्यावरचा पदर न ढळू देणारी बाई! मी म्हटलं, "डॉक्टर, चूल." त्यांनी मान हलवली. म्हणाले, "तेच. हे बघा, गेला तो श्वास परत येणार नाही. उरलाय तो राखायचा. यापुढं धूर नाही. अजिबात नाही."

येताना आम्ही रिक्षा केली. आगाशीच्या बाजाराशी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "बघ, सिगारेट न ओढता फुकट बदनामी."

चूल बंद केली. आठ दिवस सगळं शहाण्यासारखं चाललं. नवव्या दिवशी शाळेतून लवकर आले तर या विहिरीमागं तीन विटा मांडून, झावळी पेटवून, भाकऱ्या भाजत बसलेल्या. मी ओरडले. त्या म्हणाल्या, "अगं, उघड्यावर आहे. धूर वर जातोय." वर कुठला? वाऱ्यानं सगळा त्यांच्याच तोंडावर येत होता. डोळे लाल, पदर नाकाला, आणि हातानं भाकरी फिरवणं चालूच. तेव्हा मी हात टेकले. ही बाई चूल सोडणार नाही. मग चुलीनं धूर सोडायला हवा.

चूल निवडायला मी महिनाभर फिरले. गावात पूर्वी कुणाकुणाकडं सिमेंटच्या बिनधुराच्या चुली बसवल्या होत्या, त्यातली एक जाऊन बघितली. नळीत काजळी दगडासारखी घट्ट झालेली. ती साफ करायची असते हे त्या घरात कुणाला माहीतच नव्हतं, आणि बसवून गेले त्यांनी सांगितलंही नव्हतं. मग एका प्रदर्शनात पत्र्याची छोटी चूल बघितली. तिच्यावर आमचं भाताचं पातेलं ठेवलं असतं तर चूलच उताणी पडली असती. शेवटी मोबाइलवर एक ओतीव लोखंडाची सापडली. काचेचं दार, नक्षी, बघत राहावी अशी. फोन केला तर उत्तरेकडचा कुणी बाप्या हिंदीत सांगायला लागला, "मॅडम, पूरा कमरा गरम रहेगा, गॅरंटी." म्हटलं, बाबा रे, वसईत राहतो आम्ही. मे महिन्यात आमचा कमरा फुकट गरम राहतो, गॅरंटीशिवाय. ठेवला फोन.

अखेर जूचंद्रचा एक फॅब्रिकेटर मिळाला. ग्रिल, गेट, पत्र्याच्या शेड करणारा. मी त्याला कागदावर आकृती काढून दिली. जाड पत्र्याची चूल, एक मोठं तोंड, शेजारी पाणी तापवायला वैल, मागून पाइप निघून भिंतीतून बाहेर, भिंतीच्या बाहेरून सरळ वर, आणि छपराच्या सगळ्यात उंच भागाच्या, आढ्याच्याही वर दोन हात. वर पावसासाठी टोपी, खाली काजळी काढायला झाकण. कागद त्यानं दोनदा बघितला आणि बाजूला ठेवला. म्हणाला, "बाई, आधी सांगा, चुलीपाशी बसनार कोन?"

मी चमकलेच. हा प्रश्न महिनाभरात ना मला कुणी विचारला होता, ना मी स्वतःला. त्यानं सासूबाईंना पाटावर बसायला सांगितलं, हात पुढं करायला सांगितला आणि कोपराची उंची टेपनं मोजली. सासूबाई लाजून म्हणाल्या, "ब्लाउजला माप देतात तशी चुलीला देतेय गं मी." चूल त्यांच्या मापाची झाली, आणि ती खरोखर उत्तम झाली. त्या माणसाला मी तेवढं श्रेय देते. पुढं मी त्याच्यावरही चिडले, पण चूल उत्तम होती.

पाइप बसवायचा ठरला तो शनिवार. माझी शाळा होती. दिरांना सुट्टी होती. दीर विरारला फ्लॅटमध्ये राहतात, आणि सुट्टीच्या दिवशी आईच्या हातची भाकरी खायला येतात. मी सकाळी निघताना नवऱ्याला बजावलं, "कागदावर आहे तसंच. आढ्याच्या वर दोन हात. एक इंच कमी नको." तो म्हणाला, "हो गं बाई. मी काय लहान आहे?"

दुपारी तीनला घरी आले. गल्लीतूनच बघते तर छपरावर काही नाही. म्हटलं, काम राहिलं वाटतं. मागं गेले. पाइप भिंतीतून बाहेर निघाला होता, पुरुषभर वर गेला होता आणि बरोबर कौलांच्या खाली, पागोळी पडते तिथं आडवा वळवून सोडून दिला होता. तोंड थेट समुद्राकडं. उरलेला पाइप केळीत पडलेला.

मी विचारलं, "हे काय?"

दीर भाकरी संपवून सुपारी कातरत बसले होते. म्हणाले, "वहिनी, रस्त्यावरून बघून आलो मी. वर नेला असता तर स्मशानासारखं दिसलं असतं. घरात म्हातारं माणूस असताना बरं दिसतं का ते?"

म्हाताऱ्या माणसाचाच जीव वाचवायला तो पाइप होता! त्या म्हाताऱ्या माणसाला विचारलंत का, म्हटलं. तर नवरा म्हणतो, "आई काही म्हणाली नाही." अहो, ती कधी काय म्हणते? आणि वर मला समजावणं, "सकाळी पेटवून बघितलंय आम्ही. धूर मस्त बाहेर जातो."

सकाळी! आयुष्य निर्मळमध्ये काढलेली ही माणसं. अर्नाळ्याला समुद्र, तासाभराच्या चालीवर. सकाळी वारा जमिनीवरून समुद्राकडं जातो आणि दुपारनंतर समुद्राकडून घराकडं फिरतो, हे इथलं शेंबडं पोरसुद्धा जाणतं. मोगऱ्यावर फवारा मारायचा तर नवरा स्वतः वारा बघून वेळ ठरवतो. फुलांसाठी वारा कळतो, आणि आईच्या श्वासाच्या वेळी कळत नाही? तापलेली हवा वर का चढते हे मी दरवर्षी चाळीस मुलांना शिकवते. मुलांना कळतं. घरी दोन बाप्ये होते, त्यांना नाही कळलं.

संध्याकाळी पेटवून दाखवली. पाच मिनिटांत कौलांखालच्या फटीतून सगळा धूर आत. घरभर. नवरा म्हणाला, नवीन पाइप आहे, बसेल हळूहळू. पाइप काय नवी नवरी आहे, हळूहळू रुळायला? मी फॅब्रिकेटरला फोन केला. तो म्हणाला, गावात देवीची जत्रा आहे, आठ दिवस कुणी हात लावणार नाही कामाला. ठीक. मी सगळ्यांसमोर सांगितलं, तोवर चूल बंद, गॅसवर करायचं. सासूबाई म्हणाल्या, "हो गं." नवरा म्हणाला, "हो." मी विश्वास ठेवला. ही माझी चूक.

गुरुवारी नववीच्या वर्गावर असताना शिपाई बोलवायला आला. फोन नवऱ्याचा. त्याला बोलता येत नव्हतं. "आई निळी पडलीय," एवढंच कळलं.

रोज चूल पेटत होती. मी शाळेत गेले की. माणसांचा भात, भाकऱ्या, दुपारी समुद्राचा वारा सुरू झाल्यावर, धूर मागं फिरून त्या एवढ्याशा खोलीत. आणि मी यायच्या आत दारं-खिडक्या उघडून, भांडी घासून, सगळं स्वच्छ. मला संशयसुद्धा आला नाही, कारण चुलीचा वास त्या खोलीला कायमचाच आहे. पण नवऱ्याला माहीत होतं! तो त्याच भाकऱ्या रोज ताटात घेत होता. दवाखान्याच्या बाकावर मी त्याला विचारलं, "ताटात चुलीवरची भाकरी आली तेव्हा काही वाटलं नाही?" तो म्हणाला, "आईच म्हणाली, करते म्हणून." मी तिथं, सगळ्यांसमोर, त्याला काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. एक नर्स येऊन मला पाणी देऊन गेली. शेजारी आपल्या आईला घेऊन बसलेली एक ख्रिस्ती बाई होती, तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, "बोला, बोला. मीपन हेच बोल्ले कालच्याला माझ्या भावाला."

चार दिवसांनी सासूबाई घरी आल्या. आवाज चिरका झाला होता आणि दोन वाक्यांत थांबावं लागत होतं. डॉक्टर म्हणाले, होता त्यातला आणखी थोडा गेला.

जत्रा संपली तसा फॅब्रिकेटर आला. मी रजा टाकून घरी थांबले होते. आधी त्याच्यावर बरसले. "काम मी दिलं होतं, आकृती माझी होती. तू कुणाचं ऐकलंस?"

तो खाली बघत म्हणाला, "मी बोल्लो व्हतो दादांना, वारा फिरला का धूर मागं येल. पन दादा बोल्ले, स्मशान दिसतंय. बाप्या मानूस समोर उभा राहून सांगतो, मी काय करनार?"

"पुढच्या वेळी बाईला फोन करायचा."

"व्हय बाई."

त्या दिवशी मी शिडीखाली उभी राहिले. आडवा तुकडा काढला, केळीतला पाइप धुऊन जोडला, भिंतीला पट्ट्या, वर तारेचे ताण, आणि आढ्याच्या वर दोन हात मोजून घेतले. मुद्दाम दुपारी चारला, वारा चांगला अंगावर येत असताना, पेटवली. सासूबाईंना ओटीवर बसवून मी स्वतः चुलीपुढं बसले. जाळ आत ओढला गेला. खोलीत धुराची एक रेघ नाही. बाहेर येऊन बघितलं, तर कौलांच्या वर निळसर धूर निघत होता आणि वाऱ्याबरोबर पूर्वेकडं चालला होता. मला रडू आलं. रागाचंच आलं. एवढंच तर करायचं होतं!

आता सगळं नीट होईल असं वाटलं. चौथ्या दिवशी पूर्वेकडच्या इमारतीचे सेक्रेटरी आले.

आमच्या पलीकडच्या वाडीत आता चार मजली इमारत आहे. माणसं चांगली आहेत, मुंबईला नोकऱ्या करणारी, वाडीतली भाजी आमच्याकडूनच नेतात. सेक्रेटरी ओटीवर बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "मॅडम, ॲक्च्युअली मेंबर्सची कंप्लेंट आहे. तुमच्या चिमणीचा धूर थेट आमच्या बाल्कन्यांत येतो. कपड्यांना वास लागतो. घरात लहान मुलं आहेत. म्हणजे हेल्थचा इश्यू आहे ना."

मी म्हटलं, "बरोबर आहे. धूर वाईटच."

त्यांना वाटलं, मिटलं. हसले. मी पुढं म्हटलं, "चार दिवस झाले हो तुमच्याकडं धूर यायला. त्याआधी बावन्न वर्षं तो या घरातच होता. एका बाईच्या छातीत जात होता. तेव्हा कुणाची कंप्लेंट नव्हती. ना तुमची, ना गावाची, ना या घरातल्या माणसांची. आता तुमच्या चादरींना वास लागला तर हेल्थचा इश्यू झाला होय?"

त्यांचा चेहरा पडला. तसा माणूस वाईट नाही, मला माहीत आहे. पण माझं तोंड सुटलं होतं. "मी येते तुमच्या बाल्कनीत, धूर किती येतो ते स्वतः बघते, पाइप आणखी वाढवायचा तर वाढवू. पण खाली येणार नाही तो."

तेवढ्यात सासूबाई आतून भिंत धरत धरत आल्या. दारात उभ्या राहिल्या. सेक्रेटरींना त्यांनी हात जोडले. दम घेत म्हणाल्या, "माफ करा हो. पोराबाळांना त्रास नको. कमी करायला सांगते पाइप. मला काय, सवय आहे धुराची."

हात जोडले! त्या बाईनं! मला तर धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. सेक्रेटरीही उठून उभे राहिले, नको नको आजी, बघू आपण, असं काहीतरी पुटपुटत निघून गेले.

आणि नवरा, जो एवढा वेळ खांबाला टेकून उभा होता, तो म्हणाला, "आईच म्हणतेय तर करू ना दोन हात कमी. उगाच शेजाऱ्यांशी वाईट कशाला?"

माझ्या हातात रिकामा तांब्या होता. तो मी आपटला. इतका जोरात की फरशीला टवका उडाला. मला ओरडायचं होतं, पण ओरडून ओरडून घसा बसला होता, आणि याच्यापुढं ओरडून उपयोग नाही हेही कळलं होतं. मी सासूबाईंना हाताला धरून खाली बसवलं आणि त्यांनाच विचारलं, "आई, खरं सांगा. तुम्हाला दम कधीपासून लागतो?"

त्या आठवायला लागल्या. "हा पोटात होता तेव्हा विहिरीवर बसावं लागायचं. म्हणजे तेव्हापासून असेल."

नवरा पन्नाशीचा आहे.

"मग कुणाला बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं?" त्यांना खरंच नवल वाटलं. मधे थांबल्या, श्वास घेतला. "माझ्या आईला लागायचा. सासूला लागायचा. पलीकडच्या काकीला लागायचा. मला वाटायचं, बाईला असाच दम लागतो. बाप्यांचा श्वास मोठा, बायांचा थोडा. देवानं तसंच केलेलं असेल."

नवरा चपला घालून इमारतीच्या दिशेनं गेला. तिथं काय बोलला ते त्यानं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. पाइप कमी करायची गोष्ट घरात परत निघाली नाही. त्याबद्दल मी त्याचं कौतुक करावं असं दिरांना वाटतं. मी करत नाही.

माझा राग गेलेला नाही. पण त्या दिवसापासून तो नुसता त्या दोघांवर ठेवता येत नाही. पंचवीस वर्षं मी त्या बाईच्या हातची भाकरी खाल्ली. उंबऱ्यावर टेकलेली तिला रोज बघितली, आणि तिला ओलांडून शाळेला गेले.